गाठीचं नाव कळू द्या, मग वयाचा विचार करा

प्रश्न :

मॅडम, नमस्कार. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. डाव्या बाजूची खालची दाढ हलायला लागली म्हणून तीन महिन्यांपूर्वी काढली. ती जखम अजून भरलेली नाही. दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. आता गाल बाहेरून थोडा सुजलाय, आणि खालचा ओठ व हनुवटी डाव्या बाजूला बधिर झाली आहे. चहा ओघळला तरी त्यांना कळत नाही. ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढल्यावर हाडात पोकळी दिसली. तालुक्याच्या ठिकाणी छोटा तुकडा काढून तपासला. रिपोर्टमध्ये लिहिलंय : ‘ॲमेलोब्लास्टोमाशी मिळतीजुळती रचना, काही ठिकाणी पेशींमध्ये संशयास्पद बदल, ॲमेलोब्लास्टिक कार्सिनोमा नाकारता येत नाही. मोठा तुकडा आणि इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करावी.’

सासूबाईंची हाडं ठिसूळ झाली म्हणून गेली तीन वर्षं वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन दिलं आहे. हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. लग्नाआधीपासून मिश्री लावतात. दीर म्हणतात, या वयात पुन्हा तुकडा काढायचा नाही, चाकू लागला की पसरतं. नणंदबाई म्हणतात, आईला काही सांगू नका. माझे मिस्टर दोघांच्या मध्ये अडकलेत. दवाखान्यात मीच नेते, म्हणून शेवटी सगळे माझ्याकडेच बघतात. मी काय करू?

— एक सून, सातारा जिल्हा

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. दुसरा तुकडा काढायलाच हवा, आणि तो लवकर काढायला हवा. जिथे जबड्याची शस्त्रक्रिया करणारे सर्जन, पॅथॉलॉजिस्ट आणि कॅन्सरचे डॉक्टर एकत्र बसून निर्णय घेतात, अशा ठिकाणी तो काढून घ्या. मी तोंडाच्या आजारांची पॅथॉलॉजिस्ट आहे. असे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्यांना नाव देणं हेच माझं काम. सासूबाईंना मी तपासलेलं नाही, त्यांची स्लाइडही पाहिलेली नाही, त्यामुळे त्यांना नेमकं काय झालंय हे मी इथून सांगणार नाही. पण या वयात, या लक्षणांनी, जबड्यात काय काय असू शकतं आणि त्यातलं खरं कोणतं हे कसं ठरवतात, ते नक्की सांगते. तुम्हाला घरच्या बैठकीत बोलायचं आहे, तेव्हा हे तुमच्या हातात असलेलं बरं.

तुमच्या दिरांच्या मनात जी भीती आहे ती मोठ्या ऑपरेशनची आहे. ती समजण्यासारखी आहे. ७४ व्या वर्षी आईचा जबडा कापायचा या कल्पनेने कोणाच्याही पोटात गोळा येईल. पण ऑपरेशनचा प्रश्न अजून आलेलाच नाही. रिपोर्टमध्ये ज्या शक्यता आहेत, आणि रिपोर्टमध्ये नसलेल्या पण विचारात घ्यायलाच हव्यात अशा ज्या आहेत, त्यांतल्या काहींना ऑपरेशन लागतच नाही. काही गोळ्या-इंजेक्शनांनी आटोक्यात येतात, काहींना नुसती जखमेची काळजी पुरते, आणि काहींमध्ये ऑपरेशन हाच बरा होण्याचा खरा मार्ग असतो. यांपैकी आपण कशाला ‘नको’ म्हणतोय हे माहीत नसताना ‘नको’ म्हणणं सासूबाईंवर अन्याय करणारं आहे.

तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले : ‘चहा ओघळला तरी त्यांना कळत नाही.’ खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते. ती दाढांच्या मुळांखालून पुढे येते आणि हनुवटीजवळच्या छिद्रातून बाहेर पडून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. दाढ काढताना क्वचित ती दुखावते, पण मग बधिरपणा त्याच दिवसापासून असतो. इथे तो नंतर आला. जबड्यातल्या संथ वाढणाऱ्या साध्या गाठी सहसा या नसेला बाजूला ढकलतात, आणि ती तरीही आपलं काम करत राहते. ॲमेलोब्लास्टोमाही बहुतेक वेळा असाच वागतो, चांगला मोठा होईपर्यंत ओठ बधिर होत नाही. म्हातारपणी, कुठलाही मार लागलेला नसताना, हनुवटीची एक बाजू बधिर होणं म्हणजे नसेला आतून काहीतरी पोखरतंय किंवा वेढतंय असं धरूनच तपास करायचा असतो. जंतुसंसर्गानेही तसं होऊ शकतं, पण दोन कोर्सनंतर ते कारण पुरेसं वाटत नाही. दाढ काढलेली जागा साधारण दोन-तीन आठवड्यांत वरून भरून यायला हवी. तीन महिने झाले. हिरडीचा आजार नसताना एखादीच दाढ हलायला लागणं, जखम न भरणं आणि बधिरपणा, या तीन गोष्टी एकत्र आल्या की तिसरा अँटिबायोटिक कोर्स लिहून वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता रिपोर्टबद्दल. ॲमेलोब्लास्टोमा ही दात बनवणाऱ्या पेशींच्या घराण्यातली गाठ. ती शरीरात इतरत्र सहसा पसरत नाही, म्हणून तिला साधी म्हणतात, पण हाडात मात्र चिवटपणे पसरते आणि नुसती खरवडून काढली तर पुन्हा येते. बहुतेकांना ती तिशी-चाळिशीत होते, आणि खालच्या जबड्याच्या मागच्या भागात जास्त. ॲमेलोब्लास्टिक कार्सिनोमा हा तिचा कर्करोगी भाईबंद, आणि फारच दुर्मीळ. पेशींची मांडणी ॲमेलोब्लास्टोमासारखीच असते, पण पेशी बिघडलेल्या दिसतात : केंद्रकं गडद आणि वेडीवाकडी, पेशींचं विभाजन जास्त, मधले भाग मेलेले, कधी नसेभोवती शिरकाव केलेला. हा मानेतल्या लसीका ग्रंथींमध्ये आणि फुफ्फुसात पसरू शकतो. कधी तो आधीपासून असलेल्या ॲमेलोब्लास्टोमातून होतो, कधी थेट. पूर्वी या दोन्हींना वेगळी नावं होती, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या वर्गीकरणापासून एकच नाव ठेवलं आहे.

अडचण अशी, की एकाच गाठीचा एक कोपरा अगदी साध्या ॲमेलोब्लास्टोमासारखा दिसू शकतो आणि दुसरा कोपरा सरळ कर्करोगाचा असतो. छोटा तुकडा तपासणं म्हणजे फाटलेल्या अर्ध्या पानावरून अख्खं पत्र काय होतं ते सांगणं. तुमच्या पॅथॉलॉजिस्टने ‘आहे’ही लिहिलं नाही आणि ‘नाही’ही लिहिलं नाही. मला त्यांचं हे लिहिणं प्रामाणिक वाटतं. त्यांनी जे दिसलं तेवढंच सांगितलं आणि पुढे काय करायला हवं तेही सांगितलं. या रिपोर्टवर रागावू नका आणि त्याला शेवटचा शब्दही मानू नका.

पण दुर्मीळ नावाच्या मागे धावताना नेहमीच्या गोष्टी विसरायच्या नसतात. सासूबाई इतकी वर्षं मिश्री लावतात. आपल्याकडे तंबाखूमुळे हिरडीला आणि गालाच्या आतल्या अस्तराला होणारा स्क्वॅमस कार्सिनोमा या सगळ्या दुर्मीळ गाठींपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळतो, आणि तो हिरडीतून खाली हाडात उतरतो तेव्हा अगदी असंच चित्र दिसतं : दाढ हलते, काढली जाते, जखम भरत नाही. म्हणून सर्जननी त्या जागेभोवतीची हिरडी, गाल आणि जीभ नीट उजेडात बघायला हवी, बोटाने चाचपायला हवी, मानेतल्या गाठी तपासायला हव्यात. पृष्ठभागावर काहीच नसेल आणि कर्करोग हाडाच्या आतच सुरू झालेला असेल, तर त्याला ‘प्रायमरी इंट्राऑसियस कार्सिनोमा’ म्हणतात. तोही दुर्मीळ आहे आणि उतारवयात, खालच्या जबड्याच्या मागच्या भागात जास्त दिसतो. पण हे नाव देण्याआधी दोन गोष्टी नक्की कराव्या लागतात : तोंडाच्या अस्तराशी त्याचा संबंध नाही, आणि शरीरात दुसरीकडे मूळ कर्करोग नाही.

ही दुसरी अट महत्त्वाची. सासूबाईंच्या वयात जबड्यातली गाठ दुसरीकडून आलेली असू शकते. बायकांमध्ये स्तनाचा कर्करोग यात सगळ्यात पुढे, पुरुषांमध्ये फुफ्फुसाचा. मूत्रपिंड आणि थायरॉइडचाही असतो. कधी कधी मूळ आजाराचा पत्ता लागण्याआधी जबड्यातली गाठच पहिल्यांदा बोलते. सासूबाईंना एकांतात, शांतपणे विचारा : छातीत कधी गाठ लागली होती का, पूर्वी कुठली गाठ काढली होती का, गर्भाशय काढलं असेल तर नेमकं कशासाठी काढलं, वजन उतरलंय का, लघवीत रक्त दिसलं का, जुना खोकला आहे का. या पिढीतल्या बायका अशा गोष्टी मुलांना सांगत नाहीत. सुनेला कदाचित सांगतील. डॉक्टरांनी स्तनांची तपासणी करणंही याच तपासाचा भाग आहे. ‘तोंडासाठी आलोय, मग हे कशाला’ असं त्यांना वाटेल, तेव्हा कारण तुम्ही समजावून सांगा.

आणखी दोन शक्यता अशा आहेत ज्यांत सुरी फक्त तुकडा काढण्यापुरतीच लागते. मायलोमा हा अस्थिमज्जेतल्या पेशींचा आजार, साठीनंतरचा. तो हाडात पोकळ्या करतो आणि हनुवटी बधिर करतो. त्याची चाहूल साध्या रक्ततपासण्यांतून लागू शकते : हिमोग्लोबिन, ईएसआर, कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस. दुसरा लिम्फोमा, म्हणजे लसीका पेशींचा कर्करोग. या दोन्हींवर मुख्यतः औषधांनी, गरज पडली तर किरणोपचारांनी उपचार होतात. जबडा काढावा लागत नाही. आता दिरांना विचारा, तुकडा न काढता हे कसं कळणार?

इंजेक्शनबद्दल तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. बरेच लोक ते सांगतच नाहीत, कारण वर्षातून एकदा घेतलेलं इंजेक्शन ‘चालू औषधं’ या यादीत कोणाला आठवत नाही. झोलेड्रॉनिक ॲसिड हाडांची झीज थांबवतं, पण काही जणांमध्ये दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येता मरतं आणि तोंडात उघडं पडतं. हा दुष्परिणाम २००३ मध्ये पहिल्यांदा नोंदवला गेला. ठिसूळ हाडांसाठी वर्षातून एकदा देतात त्या मात्रेत त्याचं प्रमाण कमी आहे. कर्करोगाच्या रुग्णांना महिन्या-महिन्याला देतात तिथे बरंच जास्त. आठ आठवड्यांहून अधिक काळ हाड उघडं दिसत असेल किंवा छिद्रातून घातलेल्या तपासणीच्या बारीक सळईला हाड लागत असेल, तर डॉक्टर याचा विचार करतात. अशा मेलेल्या हाडात उगाच सुरी घालू नये असा नियम आहे, आणि म्हणूनच काही दंतवैद्य तुकडा काढायला कचरतात. पण त्याच नियमाचा दुसरा भाग असा, की गाठीची शंका असेल तर तुकडा काढायलाच हवा. आपल्याकडे शंका नुसती मनात नाही, रिपोर्टमध्ये लिहिलेली आहे. गाठ आणि मेलेलं हाड दोन्ही एकाच जबड्यात असू शकतात. तुमच्या हाडांच्या डॉक्टरांनाही कळवा, पुढचं इंजेक्शन घ्यायचं की थांबायचं हे त्यांनी आणि सर्जननी मिळून ठरवावं.

आता काय करायचं, ते क्रमाने.

पहिल्यांदा स्कॅन, मग तुकडा. हा क्रम बदलू देऊ नका. ओपीजी हे सपाट चित्र आहे. हाडाची बाहेरची भिंत फुटली आहे का, आतल्या बाजूला काय आहे, हे त्यावरून नीट कळत नाही. जबडा आणि मानेचा कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन हवा, म्हणजे शिरेतून औषध देऊन काढलेला. कॉन्ट्रास्टच्या आधी क्रिएटिनिन बघतात, कारण मूत्रपिंडावर ताण येऊ नये. स्कॅनमध्ये मी रेडिओलॉजिस्टना काय विचारीन? गाठीची कडा रेखीव आहे की कुरतडल्यासारखी. हाड फुगलंय की खाऊन टाकलंय. नसेची वाट रुंद झालीय का. मानेत गाठी आहेत का. नसेचा आणि अस्थिमज्जेचा अंदाज एमआरआयमध्ये जास्त चांगला येतो, सर्जनना गरज वाटली तर तो करतील. फुफ्फुसांचा सीटी बहुधा सोबतच सांगतील. पेट स्कॅनची घाई करू नका. तो महाग आहे, आणि जंतुसंसर्गाची जागाही त्यात चमकते. तुकड्याचं उत्तर आल्यावर, त्याची गरज असेल तर, करता येतो.

स्कॅन आधी हवा त्याचं कारण असं, की तुकडा नेमका कुठून घ्यायचा हे त्यावरून ठरतं. जखमेच्या तोंडाशी सुजलेलं, पिकलेलं मांस असतं. तिथून घेतलं तर रिपोर्टमध्ये नुसती सूज येते आणि पंधरा दिवस वाया जातात. गाठीच्या जिवंत भागातून, दोन-तीन ठिकाणांहून, पुरेसं खोलवर घ्यायला हवं, आणि शक्यतो तोंडाच्या आतून, म्हणजे पुढे ऑपरेशन ठरलंच तर तो छेद त्यातच निघून जाईल. बहुतेक वेळा हे जागा बधिर करून होतं. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. बरेचदा ती बंद न करताच तुकडा घेता येतो, टाके आणि दाब देऊन रक्त थांबवता येतं. कोणती गोळी आहे ते हृदयाच्या डॉक्टरांना आणि सर्जनना दाखवा, ते ठरवतील.

चाकू लागला की पसरतं, हे दिरांनी कुठेतरी ऐकलेलं आहे, आणि आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात कोणीतरी हे म्हणतं. याचं मूळ मला वाटतं असं आहे : तपास उशिरा होतो, तोवर आजार वाढलेला असतो, आणि लोक शेवटी झालेल्या गोष्टीला, म्हणजे तुकड्याला, दोष देतात. जबड्यातल्या अशा गाठीचा नीट काढलेला तुकडा तिला पसरवत नाही. नुकसान होतं ते वेगळ्याच गोष्टीने : नाव न कळताच ‘पाण्याची गाठ’ समजून हाड खरवडणं, आणि अर्धवट राहिलेली गाठ पुन्हा वाढल्यावर मोठं ऑपरेशन करावं लागणं. तसं कोणी सुचवलं तर तिथे थांबा.

माझ्या बाजूच्या दोन गोष्टी, ज्या रुग्णांच्या घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही. तुकडा घेताना मऊ भाग एका बाटलीत आणि हाडाचा भाग दुसऱ्या बाटलीत ठेवायला सर्जनना विनंती करा. हाड कापता यावं म्हणून प्रयोगशाळेत ते आम्लात मऊ करतात, आणि तीव्र आम्लात पेशींवरची ती चिन्हं बिघडतात ज्यांवर पुढच्या तपासण्या अवलंबून असतात. मऊ भाग वेगळा असला की तो वाचतो. बाटलीत फॉर्मॅलिनच (तुकडा टिकवणारं द्रावण) हवं, पाणी किंवा सलाइन नको. आणि सोबतच्या फॉर्मवर फक्त ‘डावा जबडा, गाठ?’ एवढंच जाऊ देऊ नका. वय, बधिरपणा कधी आला, दाढ कधी काढली, इंजेक्शन, मिश्री, जुने आजार, आणि ओपीजी-सीटीची प्रत, हे सगळं पॅथॉलॉजिस्टपर्यंत पोहोचलं पाहिजे. जबड्याच्या गाठींचं निदान नुसत्या स्लाइडवरून करू नये, स्लाइड आणि स्कॅन शेजारी ठेवून वाचावं लागतं. दंतवैद्यांकडे दाढ काढण्याआधीचा छोटा एक्स-रे असेल तर तोही मागून घ्या. तेव्हाची पोकळी आणि आताची पोकळी यांची तुलना केली की गाठ किती वेगाने वाढतेय ते कळतं, आणि वेग ही निदानातली फार मोठी खूण आहे.

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणजे पेशींवरची खास प्रथिनं रंगवून बघणं. ॲमेलोब्लास्टिक कार्सिनोमावर शिक्का मारेल असा एकही रंग नाही, हे आधीच सांगते, नाहीतर रिपोर्ट आल्यावर निराशा होते. की-६७ हे पेशी किती वेगाने विभागताहेत ते दाखवतं, सॉक्स-२ चं प्रमाणही मदत करतं, पण एकट्या आकड्यावर निर्णय होत नाही. या तपासण्यांचा खरा उपयोग बाकीचं वगळण्यात आहे : स्तनाचं घराणं आहे का, फुफ्फुसाचं आहे का, थायरॉइड किंवा मूत्रपिंडाचं आहे का, मायलोमाच्या पेशी आहेत का. पेशी पांढुरक्या, पारदर्शक दिसत असतील तर ‘क्लिअर सेल ओडोंटोजेनिक कार्सिनोमा’ नावाच्या, उतारवयातल्या बायकांमध्ये जास्त दिसणाऱ्या गाठीचा विचार होतो. तिच्यासाठी एका जनुकातली मोडतोड शोधणारी तपासणी असते. ॲमेलोब्लास्टोमामध्ये ब्राफ नावाच्या जनुकातला बदल बरेचदा सापडतो, हे २०१४ पासून माहीत झालं आहे. त्याचा उपयोग निदानाला तर होतोच, शिवाय ऑपरेशन खरंच शक्य नसेल अशा वेळी त्या बदलावर नेमकं काम करणारी औषधं डॉक्टर विचारात घेऊ शकतात. म्हणून ‘हिचं ऑपरेशन होणार नाही’ असं वाटत असेल तर तपासणीची गरज उलट वाढते.

पहिल्या तुकड्याच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (ज्या मेणात तो तुकडा बसवून ठेवलेला असतो) त्या प्रयोगशाळेतून मागून घ्या. दुसऱ्या मतासाठी ते देतात, एक अर्ज आणि सही लागते. दुसरीकडे नेताना ब्लॉक उन्हात, गाडीच्या काचेपाशी ठेवू नका, मेण वितळतं. कदाचित त्या ब्लॉकमध्येही अजून बघण्यासारखं काही शिल्लक असेल. दुर्मीळ गाठीच्या बाबतीत, अशा गाठी नेहमी बघणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घेणं मी प्रत्येकाला सुचवते. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही, आम्ही स्वतःही कठीण स्लाइड एकमेकांना दाखवतो.

कुठे जायचं? मुंबईत परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे, आणि बाहेरच्या स्लाइड-ब्लॉक तिथे तपासून मिळतात. पण सगळा तपास मुंबईतच व्हायला हवा असं नाही. २०१२ पासून देशभरातली कर्करोग रुग्णालयं ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’मध्ये जोडलेली आहेत, त्यातलं तुमच्या जवळचं कोणतं ते बघा. शासकीय दंत महाविद्यालयांत मुखशस्त्रक्रिया आणि मुखविकृतिशास्त्र हे दोन्ही विभाग एकाच छताखाली असतात, हाही चांगला पर्याय आहे. तिथे एवढंच विचारा : इथे ट्यूमर बोर्ड भरतो का? म्हणजे सर्जन, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट, किरणोपचारवाले एकत्र बसून अशा रुग्णाची चर्चा करतात का? पैशांचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि ७० वर्षांवरील सगळ्यांसाठी, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं आहे. सासूबाईंचं आधार कार्ड घेऊन ते आत्ताच काढून ठेवा. योजनेत नेमकं काय बसतं आणि तपासण्यांचा खर्च कधी खिशातून करावा लागतो, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना दाखल होण्याआधी विचारा.

वयाबद्दल. मी वय गौण मानत नाही. ते मोजण्याची पद्धत मात्र वेगळी हवी. जन्मतारीख बघून कोणी ऑपरेशन झेपेल की नाही ठरवू नये. सासूबाई एकट्या जिना चढतात का, गेल्या सहा महिन्यांत वजन किती उतरलं, पडल्या होत्या का, औषधं स्वतःच्या लक्षात ठेवून घेतात का, हृदय कसं आहे, यावर ते ठरतं. कर्करोगाचंच निदान झालं तर जबड्याचा तो भाग काढणं, कधी पायातलं हाड घेऊन जबडा पुन्हा उभा करणं, कधी त्याहून साधी दुरुस्ती, आणि गरज पडली तर नंतर किरणोपचार, असे पर्याय असतात. ज्यांची प्रकृती चांगली आहे अशा सत्तरीतल्या रुग्णांवर अशी ऑपरेशनं होतात. आणि झेपणार नाही असं ठरलं, तरी वेदना, रक्तस्राव, जबडा मोडणं यांसाठी काय करायचं ते ठरवायला नाव लागतंच. दिरांना एकदा तुमच्यासोबत सर्जनकडे घेऊन जा. घरी बसून ते भीतीने बोलताहेत, समोर स्कॅन बघून बोलतील तर फरक पडेल.

नणंदबाईंच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण सासूबाईंचा ओठ बधिर आहे, जखम त्यांच्या तोंडात आहे, सगळे कुजबुजताहेत हेही त्यांना दिसतंय. तुकड्याच्या संमतीवर सही त्यांचीच लागणार. सगळं एका दिवसात सांगायची गरज नाही. ‘आई, जखम भरत नाहीये, हाडात गाठ दिसतेय, ती कसली आहे हे अजून डॉक्टरांना नक्की कळलेलं नाही, म्हणून पुन्हा थोडा तुकडा घ्यायचाय’, एवढं आज खरं आहे आणि एवढंच सांगा. मग त्यांना किती जाणून घ्यायचंय ते त्यांनाच विचारा. कोणी म्हणेल सगळं सांगा, कोणी म्हणेल तुम्ही बघा. जे म्हणतील ते मान्य करा. त्यांना पुढच्या काळात काय नकोसं वाटतं आणि काय हवंसं वाटतं, भाकरी खाता येणं, देवळात जाता येणं, दुसऱ्यावर अवलंबून न राहणं, हे त्यांच्या तोंडून ऐकलेलं पुढे डॉक्टरांनाही उपयोगी पडेल.

हे सगळं होईपर्यंत घरी काय करायचं. गालाला शेक देऊ नका, चोळू नका. कवळी असेल तर ती जखमेवर घासू देऊ नका. हाड पोखरलेलं असताना कडक भाकरी, सुपारी, चकली चावल्याने जबडा मोडू शकतो. पेज, मऊ भात, वरणात कुस्करलेली पोळी, खिचडी द्या, आणि वजनावर लक्ष ठेवा. गरम चहा देताना जपा, बधिर ओठ भाजला तरी कळणार नाही. मिश्री सोडायला सांगा, पण रागावून नाही. इतक्या वर्षांची सवय आहे, डॉक्टरांकडे त्यासाठीही मदत मिळते. सीटीची तारीख या आठवड्यातच घ्या.

तोंडातून थांबत नसलेलं रक्त, ताप, तोंड उघडायला अचानक त्रास, जबड्याखाली किंवा मानेत झपाट्याने वाढणारी सूज, गिळताना किंवा श्वास घेताना अडथळा, यांपैकी काहीही झालं तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. जाताना रिपोर्टची फाइल, इंजेक्शनची नोंद आणि गोळीची पट्टी सोबत ठेवा.